सहा शतांश ग्रॅमची चोरी

"लिहा," चिमाजीराव म्हणाले. "नाशिक जिल्ह्यात गुन्हेगारांची झोप उडवणारी जी दोनचार माणसं आहेत, त्यांत चिमाजी बोरस्ते हे नाव सर्वांत वर येतं. नजर तीक्ष्ण, स्मरणशक्ती पोलादी, चाल वाघाची. गुन्हेगार कितीही लपला, तरी बोरस्त्यांच्या डोळ्यांपासून तो फार लांब जाऊ शकत नाही. लिहिलं?"

"लिहिलं. दोनचार माणसांतले बाकीचे कोण?"

"ते खोडा."

मी खोडलं. बाकीचं ठेवलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. चाल वाघाचीच आहे. वाघाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर तो असाच चालेल.

चिमाजीराव सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. बोल्ट गेजमध्ये घालायचा. गेला तर पास, नाही गेला तर नापास. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्ड छापून घेतलं, 'चिमाजी बोरस्ते, निवृत्त इन्स्पेक्टर'. एक अक्षर खोटं नाही. तरी कार्ड हातात पडलं की माणसं खुर्चीवरून उठतात, आणि चिमाजीराव त्यांना मोठ्या मनानं बसायला सांगतात.

मी त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होतो. आयुष्यभर आलं किती, गेलं किती, उरलं किती एवढंच लिहिलं. त्यामुळे माझं अक्षर चांगलं आहे आणि माणसांबद्दलचं मत वाईट. या दोन गुणांवर चिमाजीरावांनी मला सहायक नेमलं.

इतर गुप्तहेर भिंग बाळगतात. आमचे जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर बाळगतात. निवृत्तीच्या दिवशी तो कारखान्यातून त्यांच्या खिशात कसा आला, ही त्यांची पहिली केस. ती अजून उलगडलेली नाही.

आणखी एक सवय सांगून ठेवतो. त्यांना जे दिसेल त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची खोड आहे. बसची पायरी, लिफ्टचं दार, बँकेतलं पासबुक छापायचं मशीन. एकदा पोलीस चौकीच्या बाकालाही लावला होता. तेव्हा आम्ही तिथे पाहुणे म्हणून गेलो नव्हतो.

तर, केस.

खंडेनवमीच्या दिवशी सातपूरच्या एका मंगल कार्यालयात शाळकरी मुलांच्या विमानांची स्पर्धा होती. विमानं म्हणजे आवाज करणारी, धूर सोडणारी नव्हेत. हातभर लांबीचं विमान, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, वर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ प्लास्टिक, आणि इंजिन म्हणजे रबराची एक पट्टी. हातड्रिलला आकडा लावून त्या पट्टीला हजारभर पीळ द्यायचे आणि सोडायचं. पीळ उलगडतो तसा पंखा फिरतो आणि विमान जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेल्या माणसासारखं छताखाली गोल गोल फिरत राहतं. आमच्या कारखान्याचं व्यवस्थापन हेच तंत्र माणसांवर वापरायचं. पीळ भरपूर दिले. उडालं कोणीच नाही.

अट एकच: रबराशिवाय विमानाचं वजन एक पूर्णांक वीस शतांश ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. जितकं हलकं तितकं जास्त वेळ तरंगतं, म्हणून सगळी मुलं बरोबर १.२० च्या काठावर येऊन थांबतात. वजन कमी भरलं तर नाकाला मोहरीएवढी क्ले चिकटवायची. सकाळी सगळ्यांची विमानं मोजायची, आणि जो पहिला येईल त्याचं उड्डाणानंतर पुन्हा मोजायचं. मधल्या वेळात कोणी क्ले काढून टाकली तर पकडली जावी म्हणून.

विमानं अशी नाजूक, की हॉलमध्ये पंखे बंद, दारं बंद, खिडक्या बंद. दोनशे माणसं घामाच्या धारांत बसलेली. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. आम्हाला वेळ मोजायला बोलावलं होतं, कारण निवृत्त माणसाकडे तो असतो.

सकाळी नऊला पंच सावळीराम सरांनी वजनं घेतली. सावळीराम सर गणिताचे निवृत्त शिक्षक. काटा त्यांनी सराफ असलेल्या भाच्याकडून आणला होता. मंगळसूत्राचा मणी मोजणारा, शतांश ग्रॅम दाखवणारा. नोंदवही माझ्याकडे. तिसावं विमान आरोहीचं: १.२०. मी लिहिलं.

आरोही म्हणजे मखमलाबादच्या फूलशेतीवाल्या मोतीरामची नववीतली मुलगी. विमानाचं नाव तिनं 'चतुर' ठेवलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाल्याच्या घरातलं माणूस शेत सोडून विमान उडवायला येतं, याचा अर्थ तिच्या शिक्षिकेनं, प्रतिभा मॅडमनी, घरी जाऊन काय काय केलं असेल याची कल्पना करा. मोतीरामनं शेवटी अट घातली होती: पहिली आलीस तर दर खंडेनवमीला सुट्टी. नाही आलीस, तर पुढल्या वर्षी विमान बंद आणि फुलं तोडायची, बोलायचं नाही.

दुपारी दोनपर्यंत उड्डाणं झाली. मोठ्या शाळेच्या ललित सरांचा विद्यार्थी स्वराज तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर पहिला होता. ललित सर फोटोसाठी केस विंचरून बसले होते. सगळ्यांत शेवटी चतुर सुटला. त्यानं घाई केली नाही. छतापर्यंत गेला, मागच्या लग्नातल्या थर्माकोलच्या 'शुभविवाह'मधल्या 'वि'च्या वेलांटीला जेमतेम चुकवलं, आणि पीळ संपत आल्यावर पान गळावं तसा खाली आला. चार मिनिटं बारा सेकंद. ललित सरांनी कंगवा खिशात ठेवला.

सावळीराम सरांनी चतुर स्वतः उचलला, रबर काढलं आणि टेबलाकडे आले. तोपर्यंत खंडेनवमी काट्यापर्यंत पोचलेली होती. काट्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं.

"बरं केलं कोणीतरी," सर म्हणाले, शून्याचं बटण दाबलं आणि 'शून्य आलं, पाहून घ्या' म्हणून मला दाखवलं. चिमाजीराव साक्षीदार म्हणून पुढे झाले, सवयीनं काट्याला हात लावून कपाळाला लावला आणि बाजूला झाले. सरांनी श्वास रोखून चतुर ताटलीत ठेवला.

१.१४.

"अगं बाई," सर म्हणाले. ते पुरुष आहेत, पण प्रसंगच तसा होता.

तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. १.१४, १.१४, १.१४.

"चतुर हलका निघाला!" प्रतिभा मॅडम कळवळल्या.

"मॅडम," चिमाजीराव दुखावले, "एक घटना पाहून माझ्याबद्दल मत बनवू नका."

ललित सर उठले. "मी कुणावर आरोप करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या मुलीनं चोरी केली आहे. सकाळी वजन दाखवलं, मागाहून क्ले काढली."

"क्ले इथंच आहे ना सर," आरोही म्हणाली. नाकावरची निळी टिकली खरंच तिथेच होती. "मी नाय काढली. आईशप्पथ."

"शपथ घेते आहे, म्हणजे काहीतरी आहे," ललित सर म्हणाले.

"मग स्वराजचं विमान पण परत मोजा," प्रतिभा मॅडम म्हणाल्या.

"ज्याच्यावर आरोप नाही त्याची तपासणी? ही कुठली पद्धत?"

आता मला वाटलं होतं की आमचा माणूस मॅडमच्या बाजूनं बोलेल. पण चिमाजीराव दोन्ही हात वर करून म्हणाले, "बरोबर! निरपराध विमानाला काट्यावर उभं करणं माझ्या तत्त्वात बसत नाही!" ललित सरांनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

सावळीराम सरांनी घड्याळ पाहिलं. "चारला बक्षीस समारंभ. तोवर ही घट कुठे गेली ते कळलं तर ठीक. नाहीतर उड्डाण रद्द आणि वहीत 'गैरप्रकार' असा शेरा. माझाही नाइलाज आहे."

आरोही रडली नाही. ती नुसती चतुरकडे बघत राहिली. तिच्या हातात मॅडमचा मोबाईल होता, आणि त्याच्यावर 'मोतीराम शेत' असं नाव तिसऱ्यांदा झळकत होतं. तिनं उचलला नाही.

"पोरी," चिमाजीराव तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "आता केस माझ्या हातात आहे."

तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी वहीत लिहिलं: सकाळी १.२०, दुपारी १.१४, घट ०.०६. स्टोअरमध्ये अशी घट आम्ही 'उंदीर' म्हणून दाखवायचो. इथे उंदराला पुरेल एवढा मालही नव्हता.

चिमाजीरावांनी व्हर्निअर काढला, चतुरकडे रोखून पाहिलं आणि मला विचारलं, "सोमनाथ, विमान चार मिनिटं फिरलं की नाही?"

"फिरलं."

"पंखे बंद होते की नाही? मग! मी रोज गंगापूर रोडला चार किलोमीटर फिरतो. माझं वजन उतरतं. याचंही उतरलं. घाम!"

"काका, ते लाकूड आहे," आरोही म्हणाली.

"लाकूड तर लाकूड. मेहनत मेहनत असते."

मी सहायक आहे, पण काही बाबतींत सहायकाचाही धीर सुटतो. मी विचारलं, "मग स्वराजचं विमान तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद फिरलं. त्याचंही वजन उतरलं असेल. मोजायचं का?" ललित सरांनी पाण्याची बाटली परत मागितली. चिमाजीरावांनी सिद्धान्त बदलला.

दुसरा सिद्धान्त छतावर होता. 'शुभविवाह'च्या 'वि'मागून एक पाल खाली बघत होती. चिमाजीराव म्हणाले, विमान जवळून गेलं तेव्हा पालीनं चावा घेतला. पाल तोंडानं खाते आणि शेपटीनं नाकारते, हा तिचा स्वभावच आहे. ते शिडी मागवून चार पायऱ्या चढले (शिडीला आधी हात लावून कपाळाला लावला) आणि पालीशी नजर भिडवून उभे राहिले. दोन मिनिटांनी खाली आले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"नजर चोरते आहे."

"पण चाव्याची खूण कुठे आहे? प्लास्टिक तर अख्खं आहे."

"सराईत आहे."

साडेतीन वाजले. प्रमुख पाहुणे निघाल्याचा फोन आला. ललित सरांनी पुन्हा कंगवा काढला. प्रतिभा मॅडम आरोहीजवळ बसून म्हणत होत्या, "मी सांगेन बाबांना," आणि आरोही म्हणत होती, "मॅडम, हरले असते तर सांगितलं असतं. चोरी केली असं कसं सांगू?"

मला पहिल्यांदाच त्या दिवशी वाईट वाटलं. स्टोअरकीपरला घट झाल्याचं वाईट वाटत नाही. घट ज्याच्या नावावर मारली जाते, तो निर्दोष आहे हे माहीत असलं की वाटतं.

आणि नेमकं तेव्हाच चिमाजीराव काट्यापाशी ओरडले, "सोमनाथ! चोरीचा माल सापडला!"

सगळे धावले. म्हणजे हळू चालले. धावल्यानं वारा होतो. ताटली रिकामी होती. काट्यावर आकडा होता: ०.०६.

"पाहा," चिमाजीराव आकड्याकडे बोट दाखवत म्हणाले. "घट किती? शून्य पूर्णांक सहा शतांश. ताटलीत किती? शून्य पूर्णांक सहा शतांश! मालाला पाय फुटलेले नाहीत. विमानातून सुटलेलं वजन इथंच पडलेलं आहे, पण दिसत नाही. अदृश्य वजन!"

मी आकडा पाहिला. एकतीस वर्षांत रिकाम्या कपाटानं माल दाखवल्याचं मी पाहिलं नव्हतं, निदान ऑडिटशिवाय. पण आकडा खरा होता. सावळीराम सर चष्मा पुसू लागले. गणिताचा माणूस अदृश्य वस्तूला घाबरत नाही, पण ती दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते म्हटल्यावर जरा घाबरतो.

चिमाजीराव व्हर्निअर उघडून त्या अदृश्य वजनाची जाडी मोजू लागले. "बारा मिलीमीटर," ते म्हणाले. "लिहा." मी लिहिलं नाही.

"ओ, बाजूला व्हा," मागून आवाज आला. "कुनी हात लावला माझ्या पूजेला?"

सगुणाबाई. कार्यालयाच्या झाडलोटीपासून मांडवापर्यंत सगळं बघणाऱ्या. माहेर पेठकडचं, भाताच्या मुलखातलं. हातात पूजेचं ताट, दुसरा हात कमरेवर.

"कसली पूजा?" ललित सर म्हणाले.

"कसली म्हंजे? आज खंडेनवमी हाय. हत्यारं पुजायची. मघाशी तुमी समदे वर माना करून इमान बघत हुते, तवा मी समदं पुजून घेतलं. झाडू, शिडी, मोठ्या कढया, माईक, जनरेटर, आन् हा काटा. समद्याला चार-चार दाणे वाहिले. माईकवर चार हायेत. शिडीला चार हायेत. काट्यावर एक बी नाय. चार दाणे गेले कुठं?"

"चार दाणे?" सावळीराम सर एकदम म्हणाले. "अक्षता! होत्या की! ताटलीतच होत्या. म्हटलं पूजा कशाला मोडायची, म्हणून मी अक्षतांसकट शून्य केलं."

दोनशे माना काट्याकडे वळल्या. विमान नव्हतं तरी.

आरोहीनं ओढणीचं टोक बोटावर गुंडाळलं आणि काट्याच्या काचेच्या डाव्या कडेला लागलेलं कुंकू पुसलं. कुंकवाखालून एक बारीक आडवी रेघ निघाली. आकडा ०.०६ नव्हता. उणे ०.०६ होता.

"म्हणजे शून्य केल्यावर ताटलीतून काहीतरी गेलं," आरोही हळूच म्हणाली. "सहा शतांश ग्रॅम. चतुरमधून नाय. ताटलीतून."

"अक्षता चोरल्या!" चिमाजीराव गरजले. "दारं बंद करा! कोणी हलायचं नाही! चोर याच हॉलमध्ये आहे!"

"हाय की," सगुणाबाई म्हणाल्या. त्या चिमाजीरावांच्या तोंडाकडे बघत होत्या. "त्या काय. तुमच्या कपाळावर हायेत."

सगळ्यांनी पाहिलं. खंडेनवमीला कपाळावर कुंकू कुणाच्या नसतं? म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही, हे इथे नोंदवतो. चिमाजीरावांच्या दोन भुवयांच्या वर, घामानं भिजलेल्या कुंकवात, ओळीनं चार दाणे चिकटलेले होते. तपासाला निघताना, पालीशी बोलताना, आरोहीच्या खांद्यावर थोपटताना, सगळा वेळ चोरीचा माल त्यांच्या डोक्यावर होता.

"हलू नका काका," आरोही म्हणाली आणि विमानाच्या काड्या जोडायचा चिमटा घेऊन आली. चिमाजीरावांची केस चिमट्यानं उलगडण्याची ही पहिलीच वेळ. एक, दोन, तीन, चार. दाणे ताटलीत पडले, तसा काट्यावरचा आकडा एकेक पायरी चढत गेला आणि थांबला.

०.००.

सावळीराम सरांनी चतुर ठेवला. १.२०.

मी वहीत घटीवर काट मारली. आयुष्यात इतक्या आनंदानं मी काट मारलेली नाही.

"दाना बारीकच हाय," सगुणाबाई जरा ओशाळून म्हणाल्या. "माहेरचा तांदूळ. पन वजनाला भरला म्हनायचा." मग चतुरकडे बघून त्यांचा जीव कळवळला. त्यांनी ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं. "समदं पुजलं, आन् ज्याच्यापायी एवढं झालं ते इमानच राहिलं की!"

"नको!" दोनशे माणसं एकदम ओरडली. त्या वाऱ्यानं चतुर टेबलावरून दोन इंच सरकला.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, काट्यात काहीतरी आहे," ललित सर म्हणाले. कंगवा त्यांनी पुन्हा ठेवला.

चारला समारंभ झाला. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात बैलगाडीपासून चंद्रापर्यंतचा प्रवास केला आणि विमानाचा उल्लेख तेवढा राहून गेला. केस सोडवल्याबद्दल शाल आणि नारळ 'निवृत्त इन्स्पेक्टर' चिमाजी बोरस्ते यांना मिळाला. त्यांनी तो घेताना नारळाला हात लावून कपाळाला लावला. सगुणाबाईंना हॉल झाडायला मिळाला. आरोहीला ढाल, राज्य स्पर्धेचं पत्र आणि वहीत कोरी जागा मिळाली, जिथे शेरा लिहायचा होता. सर्वांत जास्त वेळ ती त्या कोऱ्या जागेकडेच बघत होती.

मग तिनं फोन लावला.

"बाबा, पहिली."

तिकडून मोतीरामचा आवाज एवढा मोठा आला की मलाही ऐकू आला. "पहिली? खरंच? मग फोन का नाय उचलत? जीव टांगणीला लावला!" थोडं थांबून तो म्हणाला, "बरं. ठरल्याप्रमाणे पुढच्या नवमीला सुट्टी. पण ही नवमी अजून संपली नाय. वीस क्रेट राहिलेत, ये लवकर."

आरोही हसली आणि चतुरचा खोका छातीशी धरून पळत सुटली. मोकळ्या हवेत, वाऱ्याची पर्वा न करता.

परतीच्या बसमध्ये चिमाजीराव शाल पांघरून बसले होते. पायरीला हात लावूनच चढले होते.

"लिहा," ते म्हणाले. "शेवटी बोरस्त्यांनी आपला शब्द खरा केला. गुन्हेगार बोरस्त्यांच्या डोळ्यांपासून फार लांब जाऊ शकला नाही."

मी त्यांच्या खिशातून व्हर्निअर काढून घेतला आणि त्यांची भुवई ते कपाळावरचा कुंकवाचा डाग असं अंतर मोजलं.

"अडतीस मिलीमीटर," मी म्हणालो, आणि लिहिलं.